किरण, नाद आणि चुंबक : स्तनाच्या कर्करोगाच्या ओळखीचा इतिहास

इ. स. १९१३ सालीं बर्लिनमधील एका तरुण शस्त्रवैद्यानें एका जर्मन शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकांत एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचें नांव आल्बर्ट सालोमोन. स्तनाच्या विकारामुळें शस्त्रक्रियेनें काढून टाकलेले सुमारें तीन हजार स्तन त्यांनीं अभ्यासिले होते. प्रथम क्ष-किरणांनीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, नंतर तेच स्तन कापून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावयाचे, आणि छायेंत जें दिसलें तें प्रत्यक्षांत काय होतें याचा ताळा घ्यावयाचा, अशी त्यांची रीति होती. या ताळ्यांतून त्यांना एक गोष्ट दिसून आली. कांहीं गांठींच्या कडा स्वच्छ आणि रेखीव होत्या. कांहीं गांठी मात्र आपलीं मुळें चहूंकडे पसरून शेजारच्या मांसांत घुसल्या होत्या. एकाच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रोगाच्या छाया एकसारख्या नव्हत्या. कांहीं छायाचित्रांत अगदीं बारीक काळे ठिपकेहि होते. ते चुन्याचे कण होते. पण निदानाच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व किती, हें कळावयास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं.

त्या प्रबंधाला आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. या कालांत किरण, ध्वनि, चुंबक आणि किरणोत्सर्गी द्रव्यें अशा निरनिराळ्या साधनांनीं स्तनाच्या आंत पाहण्याची विद्या वाढली. परंतु या इतिहासाचें सूत्र यंत्रांच्या यादींत सांपडावयाचें नाहीं. तें एका प्रश्नाच्या बदलांत सांपडतें. प्रथम प्रश्न होता, ‘कर्करोग आहे काय?’ पुढें प्रश्न झाला, ‘आहे तो कोणता?’ आणि या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर, रोगी स्त्रीच्या शरीरावर किती शस्त्र चालवावयाचें व तिला कोणतें औषध द्यावयाचें, हें अवलंबून राहूं लागलें.

पहिला प्रश्न पुरेसा वाटत होता याचें कारण त्या काळचें शास्त्र. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांनीं १८९४ सालीं आपल्या पन्नास रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि कांखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र कापून काढावयाचें, अशी त्यांची शस्त्रक्रिया होती. कर्करोग एका जागीं उगवतो आणि तेथून क्रमाक्रमानें शेजारीं पसरतो, अशी समजूत असल्यामुळें जितकें अधिक कापावें तितका धोका कमी, असें अनुमान निघे. पुढें जवळजवळ पाऊणशें वर्षें हीच शस्त्रक्रिया सर्वत्र प्रमाण मानली गेली. छाती खोल गेलेल्या, हाताला कायमची सूज आलेल्या असंख्य स्त्रिया या सिद्धांताचें ओझें वाहत जगल्या. रोग एकच, म्हणून उपायहि एकच. मग प्रकार शोधण्याची गरज कोणास भासावी?

तरीहि रोग एकच नसावा अशी सूचना फार लौकर मिळाली होती. १८९५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस जर्मनींतील व्युर्त्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढल्याच वर्षीं, १८९६ सालीं, ग्लासगोचे डॉ. जॉर्ज बीटसन यांनीं एक विलक्षण अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या स्त्रीचे अंडाशय काढून टाकले असतां तिच्या गांठी विरघळूं लागल्या. परंतु हाच उपाय इतरांनीं करून पाहिला तेव्हां कांहीं स्त्रियांना गुण आला, पुष्कळांना आला नाहीं. एकच औषध एकीस लागू पडतें आणि दुसरीस पडत नाहीं, याचा अर्थ दोघींचा रोग बाहेरून सारखा असला तरी आंतून भिन्न असला पाहिजे. तो भेद पाहण्याचें साधन मात्र त्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

सालोमोन यांच्या हातून तें काम पुढें गेलें असतें किंवा नाहीं, हें सांगणें कठीण. पहिलें महायुद्ध आलें आणि गेलें. १९३३ सालीं जर्मनींत नाझी सत्ता आली आणि ज्यू असल्यामुळें विद्यापीठांतील त्यांचें स्थान गेलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत त्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणींत डांबण्यांत आलें. तेथून सुटून ते पत्नीसह हॉलंडमध्यें गेले. पुढें तेथेंहि पकडले गेले, आणि १९४३ सालीं वेस्टरबोर्क येथील छावणींतून निसटून युद्ध संपेपर्यंत लपून राहिले. त्यांची एकुलती कन्या, चित्रकर्ती शार्लोट सालोमोन, हिचा त्याच वर्षीं आउश्विट्झ येथें वध झाला. पित्याचा प्रबंध ग्रंथालयांत पडून राहिला. तो प्रश्न दुसऱ्या देशांत दुसऱ्या हातांनीं पुन्हां उचलला.

जिवंत स्त्रीच्या स्तनाचीं छायाचित्रें पद्धतशीर घेण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें डॉ. स्टॅफर्ड वॉरन यांनीं केला. १९३० सालीं त्यांनीं ११९ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. दक्षिण अमेरिकेंत, मोंतेव्हिदेओ येथील डॉ. राउल लेबोर्न यांनीं स्तन यंत्रांत हलकेच दाबून धरला तर चित्र अधिक स्पष्ट येतें हें दाखविलें, आणि १९५१ सालच्या आपल्या लेखांत त्या बारीक चुनकणांचें निदानांतील महत्त्व ठासून मांडलें. सालोमोन यांनीं पाहिलेल्या ठिपक्यांना अशा रीतीनें अर्थ मिळाला. १९६० सालीं ह्यूस्टनचे डॉ. रॉबर्ट ईगन यांनीं मंद किरण व सूक्ष्म फिल्म वापरून कोणत्याहि रुग्णालयास वापरतां येईल अशी पद्धति सिद्ध केली. १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्यें सुमारें ६२,००० स्त्रियांवर एक प्रचंड चांचणी सुरू झाली. निम्म्या स्त्रियांना वर्षाकांठीं हाताची व किरणांची तपासणी देऊं केली, निम्म्यांना नेहमींचीच वैद्यकीय सेवा मिळाली. तपासणीच्या गटांत या रोगानें होणारे मृत्यु पुढील दहा वर्षांत सुमारें तीस टक्क्यांनीं कमी झाले.

येथें मॅमोग्राफी या नांवानें हें शास्त्र घरोघर पोंचलें. पण त्याची मर्यादाहि उघड झाली. चरबींतून क्ष-किरण सहज पार होतात. ग्रंथियुक्त मांस व गांठ हीं दोन्हीं त्यांना जवळजवळ सारखींच अडवितात. म्हणून तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनांत गांठ शोधणें म्हणजे चुना दिलेल्या भिंतीवर पांढरा डाग शोधण्यासारखें होतें. शिवाय दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत अचानक डोकें वर काढणाऱ्या गांठी आढळूं लागल्या. पुढें कळून आलें कीं, त्यांत झपाट्यानें वाढणाऱ्या गांठींचें प्रमाण अधिक असतें. नियमित तपासणीच्या जाळ्यांत सांवकाश वाढणारे रोग सहज सांपडत, आणि जे सर्वांत उतावळे तेच निसटत. ‘आहे काय?’ हा प्रश्न एकट्यानें पुरा पडत नाहीं, हें अशा रीतीनें ध्यानीं येऊं लागलें.

दुसरें साधन ध्वनीचें. जॉन वाइल्ड हे इंग्रज शस्त्रवैद्य महायुद्धानंतर अमेरिकेंतील मिनिॲपोलिस येथें गेले. तेथें त्यांनीं कर्णेंद्रियास न कळणाऱ्या अति सूक्ष्म ध्वनिलहरी शरीरांत सोडून त्यांचे पडसाद टिपण्याचे प्रयोग केले. मूळ यंत्र रडारचें शिक्षण देण्यासाठीं बनविलेलें होतें. जॉन रीड या तरुण अभियंत्यासह त्यांनीं स्तनांतील गांठी तपासल्या आणि १९५२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यानें भरलेली पिशवी, साधी गांठ आणि कर्करोग यांचे पडसाद निरनिराळे येतात, हें या मार्गानें कळलें. आज जिला सर्वजण सोनोग्राफी म्हणतात तिच्या आरंभींच्या प्रयोगांपैकीं हा एक होय.

तिसरें साधन चुंबकाचें. प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत शरीरांतील पाण्याच्या अणूंचा प्रतिसाद मोजून चित्र काढतां येतें, हें पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं दाखविलें. या एम. आर. आय. पद्धतीचा स्तनासाठीं खरा उपयोग १९८६ सालानंतर झाला. त्या वर्षीं जर्मनींत सिल्विया हायवांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गॅडोलिनियम या धातूचें द्रव्य शिरेंतून देऊन चित्रें घेतलीं. वाढणाऱ्या गांठीला रक्त हवें असतें. त्यासाठीं ती नव्या, पण कच्च्या व झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या तयार करविते. द्रव्य तेथें भराभर शिरतें आणि भराभर ओसरतें. बॉन येथील क्रिस्टियाने कूल यांनीं १९९९ सालीं २६६ गांठींचा असा कालक्रम मोजून त्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या : हळूहळू चढत राहणारा, चढून स्थिर होणारा, आणि चढून लगेच उतरणारा. शेवटली तऱ्हा कर्करोगाकडे अधिक बोट दाखविते. चित्रांत आतां आकारासवें काळहि आला.

चौथें साधन किरणोत्सर्गी साखरेचें. पुष्कळशा कर्करोगपेशी साखर अधाशीपणानें ओढून घेतात. साखरेच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लुओरीन जोडून ती शिरेंतून दिली म्हणजे ती कोठें सांठते तें बाहेरून दिसतें. १९७६ सालीं फिलाडेल्फियांत हें द्रव्य प्रथम मनुष्याला देण्यांत आलें. पेट स्कॅन म्हणून तें आज परिचित आहे. १९८८ सालीं सेंट लुइस येथील शास्त्रज्ञांनीं एक पाऊल पुढें टाकलें. त्यांनीं साखरेऐवजीं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा रेणु किरणोत्सर्गी केला. ज्या गांठींत त्या संप्रेरकास धरून ठेवणारे ग्राही होते त्या गांठी चित्रांत उजळल्या. शरीर न कापतां गांठीचा स्वभाव विचारण्याचा हा पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकीं एक. अमेरिकेंत या द्रव्यास रुग्णांसाठीं संमति मिळावयास मात्र २०२० साल उजाडलें.

गांठीचा स्वभाव म्हणजे काय, याचें उत्तर तोंवर प्रयोगशाळेंत तयार झालें होतें. शिकागो येथील एल्वूड जेन्सन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत इस्ट्रोजेनचे ग्राही शोधून काढले, आणि बीटसन यांचें कोडें सुटलें : ज्या गांठींत हे ग्राही असतात त्यांनाच संप्रेरकाची रसद तोडल्याचा परिणाम जाणवतो. त्या रसदीवर टांच आणणारें टॅमॉक्सिफेन हें औषध १९७० नंतर प्रचारांत आलें. १९८७ सालीं डेनिस स्लेमन यांनीं दाखविलें कीं, कांहीं गांठींत एच. ई. आर.-२ नांवाच्या एका जनुकाच्या प्रती अतोनात वाढलेल्या असतात व तो रोग अधिक घातक असतो. त्यावर नेमका घाव घालणारें ट्रॅस्टुझुमॅब हें औषध १९९८ सालीं संमत झालें. २००० सालीं चार्ल्स पेरू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२ व्यक्तींच्या गांठींतील आठ हजारांवर जनुकांची हालचाल एकदम मोजली. तीवरून स्तनाच्या कर्करोगाचीं कुळें वेगळीं काढतां आलीं. संप्रेरकावर वाढणारें, ज्याचे पुढें ‘ल्यूमिनल अ’ व ‘ब’ असे दोन भेद झाले तें एक कुळ, एच. ई. आर.-२ चें दुसरें. आणि ज्यांत बहुधा दोन्ही संप्रेरकांचे ग्राही व एच. ई. आर.-२ या तिन्ही खुणांचा अभाव असतो तें तिसरें. व्यवहारांत या शेवटल्या तऱ्हेला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. यांपैकीं प्रत्येकाचें औषध वेगळें, धोका वेगळा, गति वेगळी. दरम्यान पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या चांचण्यांनीं हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेचें साम्राज्यहि संपविलें होतें. १९८५ सालच्या निष्कर्षांनुसार बऱ्याच स्त्रियांत केवळ गांठ काढून किरणोपचार दिल्यानें आयुर्मान तितकेंच राहतें, हें सिद्ध झालें.

आतां चित्रें आणि कुळें यांची गांठ पडली. संप्रेरकावर वाढणारी गांठ मॅमोग्राफींत बहुधा कांटेरी कडांची, ताऱ्यासारखी दिसते. सोनोग्राफींत तिच्या मागें दाट छाया पडते. एच. ई. आर.-२ च्या गांठींत चुनकण अधिक वेळां आढळतात. ट्रिपल निगेटिव्ह गांठ मात्र मोठी कपटी. मॅमोग्राफींत तिच्यांत चुनकण सहसा नसतात. ती वाटोळी, मऊ कडांची असूं शकते. आणि सोनोग्राफींत तर कधीं कधीं एखाद्या निरुपद्रवी गांठीचें सोंग घेते. सर्वांत घातक पाहुणा सर्वांत सभ्य वेष घालून येतो. तिचें सोंग दुसऱ्या चित्रांत उघडें पडतें : एम. आर. आय. मध्यें तिची कड अंगठीसारखी उजळते, मध्यभागीं मृत मांसाचा पोकळ भाग दिसतो, आणि पेट स्कॅनमध्यें ती साखरेसाठीं हपापलेली आढळते. याउलट ‘ल्यूमिनल अ’ गांठ पेट स्कॅनमध्यें पुष्कळदां मंदच राहते. एका साक्षीदारावर विसंबून निवाडा देणारा न्यायाधीश जसा फसतो, तसाच एका चित्रावर विसंबणारा वैद्यहि फसूं शकतो.

साक्षी एकत्र करण्यासाठीं दोन गोष्टी लागल्या. एक सामायिक भाषा : अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९३ सालीं मॅमोग्राफीच्या वर्णनाचे शब्द निश्चित केले आणि २००३ सालीं सोनोग्राफी व एम. आर. आय. यांचेहि त्यांत सामावून घेतले. दुसरी गोष्ट सामायिक यंत्र : १९९८ सालीं पिट्सबर्ग येथें पेट आणि सी. टी. हीं दोन यंत्रें एकाच सांगाड्यांत बसविलीं गेलीं. २०११ च्या सुमारास पेट आणि एम. आर. आय. हीं एकत्र काम करूं लागलीं. व्हिएन्ना येथील कात्या पिंकर व सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं अशा मिश्र चित्रांचा अभ्यास करून, चित्रांचे अनेक गुण एकत्र जुळविले असतां साध्या गांठी आणि कर्करोग यांतील भेद अधिक अचूक करतां येतो, असें दाखविलें.

यानंतर गणकयंत्रें आलीं. शिकागो येथील हुइ ली, मेरीएलन गायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं ९१ गांठींच्या एम. आर. आय. चित्रांतून आकार, कडा, पोत व उजाळा यांचीं मापें यंत्राकडून काढविलीं आणि त्यांवरून कुळ ओळखतां येतें का तें पाहिलें. केवळ नाणेफेक केली तर ०·५ आणि निर्दोष ओळख झाली तर १ अशा मोजपट्टीवर, इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत कीं नाहींत हें ओळखण्यांत यंत्रास ०·८९ गुण मिळाले, परंतु एच. ई. आर.-२ साठीं ०·६५ आणि ट्रिपल निगेटिव्हसाठीं ०·६७. हे आंकडे आशा आणि सावधगिरी दोन्हीं शिकवितात. छायेंत कुळाची खूण उमटते खरी. पण तेवढ्यावरून औषध ठरविणें धोक्याचें होईल. म्हणून सुईनें गांठीचा तुकडा काढून तपासण्याची बायॉप्सी आजहि निर्णायक आहे.

मग इतक्या चित्रांचा उपयोग काय? बायॉप्सी गांठीचा कणभर भाग सांगते. चित्र संपूर्ण गांठ दाखवितें, आणि एकाच गांठीचे दोन कोपरे निरनिराळ्या स्वभावाचे असूं शकतात. बायॉप्सी एका दिवसाची गोष्ट सांगते. चित्र पुन्हां पुन्हां घेतां येतें. २०१२ सालीं नोला हिल्टन यांनीं प्रसिद्ध केलेल्या २१६ स्त्रियांच्या अभ्यासांत शस्त्रक्रियेपूर्वीं औषध देतांना एम. आर. आय. नें गांठीचें आकारमान मोजलें गेलें. औषध लागू पडतें आहे कीं नाहीं याचा अंदाज हाताच्या तपासणीपेक्षां या मोजणीनें अधिक चांगला येत होता. आणि जेव्हां रोग हाडांत किंवा यकृतांत पसरतो तेव्हां तेथील पेशींचा स्वभाव मूळ गांठीहून कधीं कधीं बदललेला असतो. प्रत्येक ठिकाणीं सुई घालणें शक्य नसतें. तेथें इस्ट्रोजेनच्या किरणोत्सर्गी रेणूचें चित्र उपयोगी पडतें. निष्फळ औषधाचे तीन महिने वांचणें हें रोगी स्त्रीच्या दृष्टीनें लहान काम नव्हे.

या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानाशींहि जुळतो. भारतांतील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करतां, स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ट्रिपल निगेटिव्ह तऱ्हेचा वांटा चौथ्या हिश्शाहून अधिक भरतो. पाश्चात्त्य देशांत तो याहून बराच कमी असतो. शिवाय येथील रुग्ण सरासरीनें तरुण. म्हणजे जी गांठ मॅमोग्राफीस चुकविण्यांत कुशल, आणि ज्या वयांत मॅमोग्राफी दुबळी, त्या दोहोंचा येथें संगम होतो. दुसऱ्या बाजूस यंत्रांची महागाई आहे. मुंबईंत १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून शहरांतील झोंपडपट्ट्यांतील १,५१,५३८ स्त्रियांची एक चांचणी वीस वर्षें चालविली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनीं केवळ हातांनीं, दर दोन वर्षांनीं, स्तनांची तपासणी केली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग लौकरच्या अवस्थेंत सांपडूं लागल्याचें दिसलें, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटलेले आढळले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाहीं. ‘आहे काय?’ या प्रश्नाचें उत्तर शिकविलेला हातहि देऊं शकतो. ‘कोणता?’ या प्रश्नासाठीं मात्र सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा आणि चित्र हीं तिन्हीं लागतात, आणि तीं परवडतील अशीं होणें हें पुढील काम आहे.

आल्बर्ट सालोमोन हे १९७६ सालीं ॲम्स्टरडॅम येथें मृत्यु पावले. त्याच वर्षीं फिलाडेल्फियांत किरणोत्सर्गी साखर प्रथमच मनुष्याच्या शरीरांत फिरली होती. आजच्या गणकयंत्रांना शिकवितांनाहि शास्त्रज्ञ तेंच करितात जें त्यांनीं तीन हजार वेळां केलें : एका बाजूस छाया, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष मांस, आणि दोहोंचा प्रामाणिक ताळा. छायेवर कितपत विश्वास टाकावयाचा, हें त्या ताळ्यावरूनच ठरत आलें आहे. हॅल्स्टेड यांच्या काळीं सर्व स्त्रियांना एकच शिक्षा होती. आतां प्रत्येकीच्या रोगाची चौकशी स्वतंत्रपणें होऊं लागली आहे, आणि ज्या स्त्रीच्या वाट्याला कमी शस्त्र व नेमकें औषध येतें, तिला त्या चौकशीचें मोल कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.